बाराचा भोंगा

पाय मुरगळला नसता तर पुंडलिकरावांना ते कधी दिसलंच नसतं. पालिकेच्या पायरीवरून घसरल्याचं निमित्त झालं, घोट्याला आंबेहळदीचा लेप बसला, आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच दुपारच्या बाराला ते भोंग्याच्या बटणापाशी नव्हते. टाकी गल्लीतल्या स्वतःच्या घरी खाटेवर पडून मनगटावरचं घड्याळ डोळ्यांपुढं धरून बसले होते. बटण आज उत्तमच्या हाती. उत्तम शिपाई माणूस, चहाच्या नादात दोन मिनिटं इकडची तिकडं करेल अशी धास्ती. पण काट्यावर काटा आला आणि पालिकेच्या माडीवरून तो उठला. आधी घशातल्या घशात, मग छाती भरून, मग साऱ्या पांढुर्ण्याच्या कौलांवरून अंग पसरत गेला. बाहेरून तो असा ऐकू येतो, हे त्यांना ठाऊक नव्हतं. खुंटीवरची किटली थरथरली. शेजारच्या अलकाबाईंचं पोर किंचाळलं, त्याच्या पलीकडचं किंचाळलं, मग समोरच्या दोन घरांतली. संध्याकाळी कोणी ओळीनं दिवे लावत जावं तसं ते रडणं घराघरांतून पेटत गेलं. आणि हाताच्या अंतरावर पाळण्यात बापू निजला होता. चार महिन्यांचा नातू. ओठाच्या कोपऱ्यात दुधाचा बुडबुडा, मूठ कानाशी. बुडबुडा फुटला नाही, मूठ उघडली नाही, पापणी हलली नाही. साऱ्या गल्लीत न दचकलेले दोघंच होते. एक ते स्वतः, कारण आवाज कोणत्या क्षणी येणार ते त्यांना माहीत होतं. आणि दुसरा हा.

बाळंतपणाला माहेरी आलेली त्यांची लेक स्मिता नळावरून कळशी घेऊन धावत आत आली. धावत का आली, हे त्या वेळी त्यांच्या लक्षात आलं नाही. तिनं आधी पाळण्यात पाहिलं, मग बापाकडे, आणि ते बापूकडे पाहत आहेत असं दिसल्यावर कळशी जागच्या जागी ठेवून तिनं पोराला उचलून पदराखाली घेतलं. निजलं होतं ना ते, पुंडलिकराव म्हणाले. भूक लागली असन त्याले, ती म्हणाली, आणि आत गेली. चुलीपाशी त्यांच्या पत्नी प्रेमलताबाई हसल्या. गल्लीतली पोट्टी बेंबीच्या देठापासून बोंबलून राहिली अन् आपला कसा राजा निजला, असं त्यांनी भिंतीपलीकडं ऐकू जाईल अशा बेतानं म्हटलं. आणि वर, थाळीचा गुण.

थाळी काशाची होती, पुंडलिकरावांच्या आईची. दवाखान्यातून बाळ-बाळंतीण घरी आल्या त्या दिवशी ती माळ्यावरून काढून चिंचेनं घासली होती. तान्हं पहिल्यांदा घरात आलं की त्याच्या कानाशी थाळी वाजवायची, म्हणजे पुढं ते कशाला दचकत नाही. वाजवायची आत्यानं, नाहीतर आजीनं. पण पुंडलिकराव लाटणं घेऊन पुढं झाले. घरात आवाजाचा माणूस मीच, ते म्हणाले, आणि बायका हसल्या. त्यांची आई वाजवताना गात असे. गाणं आता कोणाला येत नव्हतं, त्यांनाच ते तुकड्यानं आठवत होतं. *थाळी वाजविते बाई, माझ्या सासूच्या काशाची; भीती जाऊ दे कानाची, माझ्या तान्ह्या नवसाची.* मनातल्या मनात ते म्हणत त्यांनी थाळी वाजवली. पाच वेळा वाजवायची तिथं अकरा वेळा, आणि जरा जोरातच. अंगणातल्या चिमण्या उडाल्या होत्या. बाळ तेव्हाही निजलेलं होतं. किती शहाणं, असं सारे म्हणाले होते. आता खाटेवर पडल्या पडल्या तो अकरावा ठोका त्यांच्या हाडात पुन्हा वाजला. लाटण्याचा झिणझिणता झटका कोपरापर्यंत आला, आणि त्यांनी हात चादरीखाली ओढून घेतला.

आवाजाचा माणूस, हे त्यांनी थट्टेनं म्हटलं असलं तरी पालिकेत ते खरंच होतं. आवाजाच्या तक्रारी त्यांच्याच टेबलावर येत. पालिकेकडं आवाज मोजायचं कुठलं यंत्र नव्हतं. होता तो पुंडलिकराव बाबूंचा कान आणि त्यांची पावलं. लग्नाच्या मंडपातला लाउडस्पीकर असो, पिंजाऱ्याची तात असो की चक्कीच्या इंजिनाच्या नळीवर बसवलेली ती पुकपुक करणारी पत्र्याची टोपी, ते दोन पंच घेऊन तक्रारदाराच्या उंबऱ्यात जाऊन उभे राहत. घरातल्या कोणाला तरी रोजच्यासारखं बोलायला सांगत. काय बोलू म्हटलं तर काल काय भाजी होती ते सांग म्हणत. आणि आपण एकेक पाऊल मागं सरत. ज्या पावलाला ते बोलणं आवाजात बुडेल, तो आकडा जागेवरच मौका पंचनाम्यात लिहायचा. सहा पावलांच्या आत बोलणं बुडालं तर तक्रार खरी. या हिशेबानं त्यांनी चक्कीची टोपी काढायला लावली होती, थेटराचा कर्णा बाजाराकडं फिरवायला लावला होता, आणि एका सावकाराच्या मुलीच्या लग्नात बँडवाल्यांना दवाखान्यासमोर तोंडावर बोट ठेवून चालायला लावलं होतं. भांडण न करता, आवाज न चढवता. लोक मानत. पुंडलिकराव बाबूंची सहा पावलं म्हणजे कोर्टाचा निकाल. फक्त एका आवाजाची तक्रार एकोणीस वर्षांत त्यांच्या टेबलावर आली नव्हती, कारण तो आवाज पालिकेचा होता आणि त्याचं बटण त्यांच्याच टेबलामागं होतं. सकाळी सहा, दुपारी बारा, संध्याकाळी पाच. सकाळी घड्याळ रेडिओशी मिळवायचं आणि दिवसभर त्यावर गाव चालवायचं. शहाऐंशी साल लागलं, घरोघर घड्याळं आली, तरी बाया डाळ भोंग्यावरच घालत, मास्तर शाळेची घंटा भोंग्यावरच देत. बटणावरचं बोट उचललं की कानात एक मोठी शांतता उतरे. एवढं गाव आपल्या बोटाखालून गेलं, असं त्यांना वाटे. बरं वाटे.

तिसऱ्या दिवशी लंगडत कचेरीत गेले तर टेबलावर अर्ज. टाकी गल्लीतल्या महिलांचा. सकाळचा आणि दुपारचा भोंगा लहान लेकरांना सहन होत नाही, लेकरं दचकून निळी पडतात, गल्लीत या घडीला अकरा तान्ही आहेत, तरी नगरपालिकेनं विचार करावा. अक्षर अलकाबाईंचं, त्या शाळेत मास्तरीण होत्या. खाली सह्या, काही अंगठे. एकेक नाव वाचत ते खाली आले आणि सगळ्यांत शेवटी, जागा उरली नाही म्हणून कोपऱ्यात वळवून लिहिलेलं, स्मिताचं नाव. त्यांनी चष्मा काढून पुसला. जिचं पोर भोंग्याला हलत नाही तिनं सही का करावी? शेजारधर्म, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्या रात्री जेवताना विचारलंही. अलकावहिनीनं म्हटलं म्हणून केली, ती ताटाकडं पाहत म्हणाली, आणि भाकरीचा तुकडा मोडून पुन्हा तसाच ठेवला.

साहेबांनी, म्हणजे मुख्याधिकाऱ्यांनी, अर्ज वाचून मान डोलावली. साहेब रीवाकडचे, गावात येऊन आठच महिने झालेले, माणूस सरळ. परिषदेच्या बैठकीत ठेवू, आधी मौका पंचनामा करा, असं म्हणाले. मग हसून, "पुंडलिक बाबू, छोटा बच्चा तो आपके घर में भी है। सुना है वह सोता रहता है। अपना मकान भी लिखिए, तभी न्याय की बात होगी।" बात न्यायाचीच होती. पुंडलिकरावांनी जी म्हटलं. फाइलीला दोरी बांधताना त्यांच्या बोटांना गाठ सापडेना.

तेव्हापासून त्यांच्या जिवाला थारा राहिला नाही. बाजारात संत्र्यांचे ढीग लागले होते, ट्रकांच्या मागं पेंढा उडत होता, जिनिंगकडून सरकीचा वास आणि कापसाचे धागे येऊन तारांवर लोंबत होते. हे सारं त्यांना काचेपलीकडून दिसावं तसं दिसे. ते आवाज गोळा करत हिंडू लागले. प्रेमलताबाई देवळात आणि स्मिता न्हाणीत अशी वेळ धरून ते पाळण्यापासून सहा पावलांवर उभे राहत. बापू, असं रोजच्या आवाजात म्हणत. मग पाच पावलांवरून. चारावरून. पोर पाळण्यावरच्या चिंध्यांच्या राघूकडं पाहत राही. तीन. दोन. आयुष्यभर ते तक्रारदारापासून मागं मागं सरत आले होते. पहिल्यांदाच पुढं पुढं जात होते. एका पावलावरून म्हटलं आणि बापू हसला, टाळू दिसेपर्यंत तोंड उघडून हसला. त्यांचं काळीज वर आलं. मग ध्यानात आलं की आपली सावली त्याच्या तोंडावर पडली आहे. ते बाजूला झाले, डोक्यामागं गेले, अगदी कानाशी ओठ नेले. बापू. कानाच्या लवेला त्यांच्या श्वासाचा वारा लागला तशी मान वळली. हा वाऱ्याला वळला की हाकेला? त्यांनी श्वास धरून पुन्हा हाक मारली. राघू डुलत होता. पोर राघूकडं पाहत होतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पितळी झाकण फरशीवर टाकलं. झाकण गरगरत थांबेपर्यंत प्रेमलताबाई माजघरातून धावत आल्या, म्हातारपणी हातातून वस्तू सुटून राहिल्या तुमच्या, म्हणाल्या. बापूनं आपला अंगठा शोधला आणि चोखला. पण खाट हलली की तो बघे. दार लोटलं, उजेड बदलला, की बघे. एवढं टकाटका बघणारं पोर त्यांनी पाहिलं नव्हतं. जे दुसऱ्याकडं दोन दारांनी येतं ते याच्याकडं एकाच दारानं येत असल्यासारखं.

आणि मग त्यांना आणखी एक आठवलं. बाळंतपणाच्या पहिल्या महिन्यात स्मिता पाळणा हलवताना गात असे. आवाज तिला आजीचा आला होता, जरा दाटलेला. शब्द विसरली की हूं हूं करून पुढं जाई. ते गाणं कधी थांबलं? त्यांनी खूप आठवून पाहिलं. बारसं झालं तेव्हा गात होती. संक्रांतीला गात नव्हती. आताच्या पोरी गातच नाहीत, प्रेमलताबाई म्हणाल्या होत्या, आणि पुंडलिकराव घड्याळाला चावी देत हूं म्हणाले होते. मध्ये काय झालं, या विचाराशी ते येत आणि मागं फिरत, विहिरीच्या काठाशी येऊन फिरावं तसं. त्यापेक्षा दुसरी आठवण सोपी होती, म्हणून ती रोज येई: सातव्या महिन्यात स्मिता माहेरी आली तेव्हा रोज डबा घेऊन कचेरीत येई. बाराच्या आत येई, आणि डबा ठेवून त्यांच्या टेबलामागच्या बाकावर टेके. ते म्हणत, कानावर हात ठेव गं, वाजवतो. ती हसून दोन्ही हात कानांवर ठेवी. तिचे कान झाकले होते. पोटातल्याच्या कानांवर हात कोणी ठेवला होता? रोज. दोन महिने. बटण दाबायचं बोट तेच. पंचनाम्यात हे कोणतं पाऊल लिहायचं? पोटापासून बटणापर्यंत चार पावलं होती, हे त्यांनी एका दुपारी कचेरीत कोणी नसताना मोजून पाहिलं, आणि मग तिथंच बाकावर बसून राहिले. उत्तमनं विचारलं, बाबू, पाय दुखून राहिला का? हो, ते म्हणाले.

पंचनाम्याचा दिवस सोमवारचा ठरला, आणि सौसरहून पत्र आलं की सोमवारीच इवाई येत आहेत. इवाई म्हणजे व्याही, स्मिताचे सासरे यशवंतराव, नुकतेच निवृत्त झालेले मास्तर, थोडी संत्र्याची बाग. चौथा महिना सरला, आता सुनेला आणि नातवाला घरी नेतो, मुलाला, विजयला, तहसिलीतून सुटी मिळत नाही म्हणून मीच येतो, असं लिहिलं होतं. ते सकाळच्या मोटारीनं आले. टोपी, धोतर, खांद्यावर संत्र्यांची पिशवी. पुढच्या खोलीत बसून त्यांनी नातवाला मांडीवर घेतलं, त्याच्या तळव्याशी बोट नेलं, त्यानं ते घट्ट धरलं तसे खूश झाले. हा पेन धरन, म्हणाले. पुंडलिकराव कागद, शाई आणि पाट घेऊन बाहेर पडले तेव्हा स्मिता दारात उभी होती. ती बापाकडं पाहत नव्हती. पालिकेच्या माडीकडं पाहत होती.

पंच दोघं, शालिकराम शिंपी आणि पानठेल्याचा गुलाब. गल्लीच्या तोंडापासून घरं घेत घेत गेले. बोलण्याची पावलं मोजायची सोय इथं नव्हती, भोंगा दीड मिनिटाचा, म्हणून पुंडलिकरावांनी ठरवलं की आधी प्रत्येक घरच्या लेकराचं नाव-वय लिहून घ्यायचं आणि बाराला गल्लीच्या मध्यावर उभं राहून कोणत्या कोणत्या घरातून रडणं येतं ते टिपायचं. घर एक, मुलगी, सात महिने. घर दोन, मुलगा, वीस दिवस. बाया दारात येऊन सांगत होत्या, मधूनच टोमणे मारत होत्या. तुमच्याच भोंग्याचा पंचनामा तुम्हीच करून राहिले, चोरालेच पंच केलं, असं एक म्हणाली आणि शालिकराम हसला. घर दहा, अलकाबाईंचं. घर अकरा. त्यांनी स्वतःच्या दाराकडं न पाहता लिहिलं: मुलगा, चार महिने. पुढची जागा कोरी ठेवली. मग तिघं गल्लीच्या मध्यावर उभे राहिले. घड्याळात अजून तीन मिनिटं. ऊन सरळ डोक्यावर होतं, सावली पायाखाली गोळा झाली होती. एकोणीस वर्षं त्यांना ही तीन मिनिटं कामाची वाटली होती. आज कळलं की बटणापासून लांब असलेल्या माणसाला ती नुसती सोसायची असतात.

भोंगा सुरू झाला. पहिलं घर रडलं, तिसरं, दुसरं, मग एकदम चार-पाच, मग दहापर्यंतची उरलेलीही. गुलाब बोटं दुमडत मोजत होता. पुंडलिकराव डोळे मिटून उभे होते, पंचनाम्यात नेहमी उभे राहत तसे, पण ते एकाच दारासाठी कान लावून होते, आणि त्या दारातून रडणं आलं. त्यांच्याच. अकरा नंबरातून. बापूचं रडणं, ते कोणत्याही रडण्यातून ओळखलं असतं त्यांनी, शेवटी जरासं हसल्यासारखं तुटणारं. शालिकराम त्यांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाला, "घ्या बाबू, तुमचाही उठला. तुमच्या थाळीची तं फजिती झाली." पुंडलिकराव हसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. झाली, झाली फजिती, ते म्हणाले, थाळी खोटी, मी खोटा. दुखऱ्या पायाचं भान न राहता ते घराकडं निघाले.

पुढच्या खोलीत यशवंतराव टोपी सारखी करत म्हणत होते की पोट्टं कानाचं मोठं तिखट हाय. स्मिता बापूला घेऊन आत निघून गेली होती. ते मागोमाग माजघरात गेले. ती चुलीशी पाठमोरी उभी होती, पोराला खांद्यावर घेऊन थोपटत. बापूचं झबलं वर सरकलं होतं. मांडीवर, आतल्या मऊ बाजूला, दोन लालबुंद नखं उमटली होती, समोरासमोर, लहान चंद्रकोरीसारखी. आणि त्यांच्या शेजारी दोन जुनी, पिवळी पडलेली.

ते तिथंच उंबऱ्यावर खाली बसले. बराच वेळ गेला असं त्यांना वाटलं, पण बाहेर भोंग्याची शेपूट अजून उतरत होती. मग तीही थांबली.

"कधीपासून ठाऊक हाय तुले?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्या महिन्यापासून." ती वळली नाही. "गाऊन राहिली होती मी. गाता गाता थांबली, तं थो तसाच हसत होता. पुन्हा गायली, पुन्हा थांबली. त्याले काहीच फरक नाही. मंग नाही गायली."

"आम्हाले काहून नाही सांगतलं?"

"सांगून काय करता?" आता ती वळली. चेहऱ्यावर रडणं नव्हतं, झोप न झालेल्या माणसाची नुसती सूज होती. "लिहून टाका ना बाबा. दचकते म्हनून लिहा. भोंगा बंद झाला की कोनी पाहनार नाही. सौसरले गेली की मी आहोच त्याच्यापाशी."

सहीचं कोडं सुटलं होतं. गल्लीतल्या साऱ्यांना भोंगा आपल्या लेकराला उठवतो म्हणून नको होता. तिला तो आपल्या लेकराला उठवत नाही म्हणून नको होता. शांतता झाली की साऱ्याच लेकरांसारखं हेही एक लेकरू.

"किती दिस चिमटे घेशीन?"

तिनं पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. पुंडलिकराव आपल्या उजव्या हाताच्या बोटाकडं पाहत होते. विचारायचं नव्हतं, पण विचारलं गेलं. "पोरी, माह्या भोंग्यानं झालं का हे? तू बाकावर बसत होती, तवा?"

"मले काय माहीत बाबा," ती म्हणाली. आणि पहिल्यांदाच तिचा आवाज हलला. "मी तं रोज म्हनते, माह्यानंच झालं."

बाहेरून शालिकरामनं हाक दिली, अकरा नंबरपुढं काय लिवाचं, सांगा, दुकान उघडं टाकून आलो मी. पुंडलिकरावांनी कागद मांडीवर घेतला. कोऱ्या जागेवर शाई वाळत आलेली टाकाची निब टेकवून ठेवली. आजवर त्यांनी पंचनाम्यात एक खोटं पाऊल लिहिलं नव्हतं, आणि आज खरं लिहायचं तर ते साऱ्या पालिकेत मोठ्यानं वाचलं जाणार होतं, सोमवारी इथं, मंगळवारी सौसरच्या चहाच्या टपरीवर. पोरीचा संसार त्या ओळीवर चालत जाणार होता. "तू सांगशीन तसं लिहितो," ते म्हणाले. "दोन्ही लिहाची तयारी हाय माही. पन तुह्या तोंडून पाह्यजे."

स्मिता खाली बसली आणि तिनं बापूला मांडीवर आडवं घेतलं. त्याचं रडणं थांबलं होतं. तो तिच्या ओठांकडं टक लावून पाहत होता, ते हलण्याची वाट पाहत असल्यासारखा. तिनं अंगठा ओला करून त्या दोन लाल नखांवरून फिरवला. एकदा, दोनदा. "आज लई लागलं याले," ती म्हणाली. मग उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि पोराला घेऊन पुढच्या खोलीत गेली. पुंडलिकरावांना फक्त तिची पाठ दिसत होती आणि तिच्या खांद्यावरून मागं पाहणारे बापूचे डोळे.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "याले ऐकू येत नाही. रडला थो मी चिमटा घेतला म्हनून."

प्रेमलताबाईंच्या हातातली सुपारीची तबकडी कशी कोण जाणे वाजली नाही. दारात शालिकराम होता, तो एक पाऊल मागं सरला. यशवंतरावांनी टोपी काढली आणि मांडीवर ठेवली. डोक्यावर टोपीचा वळ उठला होता. ते खूप वेळ त्या टोपीची घडी उलगडत आणि घालत राहिले. पुंडलिकराव कागद हातात धरून त्यांच्या तोंडाकडं पाहत होते, आणि त्यांना वाटत होतं की आपण ऐकण्याच्या कामात आयुष्य काढलं, पण एवढ्या ताणानं कशाची वाट कधी पाहिली नाही.

"बोरगावच्या शाळेत होतो मी," यशवंतराव शेवटी म्हणाले, कोणाकडंच न पाहता. "तिसरीत एक पोरगं होतं माह्या. मागं बसे. विचारलं तं जबाब देत नव्हतं. रोज मारलं त्याले मी. छडीनं. मुजोर हाय म्हनून." ते थांबले. "दिवाळीनंतर त्याच्या बापानं येऊन सांगतलं, मास्तर, त्याले ऐकू येत नाही, मी शरमेनं सांगतलं नव्हतं. मंग थो शाळेत आलाच नाही." टोपी त्यांनी डोक्यावर घातली, नीट सारखी केली. "इवाई, नागपूरची गाडी किती वाजता हाय? सौसरले जाऊ मंग. कानाच्या डाक्टरले दाखवू पह्यले."

पाचच्या सुमाराला आहे, पुंडलिकरावांनी सांगितलं. मग दारात बसून कागद पुरा केला. गाव मध्य प्रदेशातलं, दफ्तराची भाषा हिंदी, तीत वाक्य लहान झालं, आणि लहान झालं म्हणून लिहिता आलं. मकान नंबर ग्यारह, एक बालक, सुनाई नहीं देता। वरच्या दहा घरांपुढं दहा बालकं दचकतात असं लिहिलं, आणि खाली आपलं मत: सकाळचा आणि दुपारचा भोंगा बंद करण्यास हरकत नसावी. हे लिहिताना त्यांना कळत होतं की आपण काय बंद करत आहोत. उद्या-परवा कधीतरी, बाराला, हा पाळण्यात दचकेल, अशी एक वेडी आशा दुपारभरात मनाच्या कोपऱ्यात येऊन बसली होती. तिच्यावरही त्यांनी सही केली. शालिकरामनं सही करताना मान वर केली नाही. जाताना एवढंच म्हणाला की झबली आनून द्या, जरा सैल करून देतो, पोर वाढीला लागलं.

फलाटावर माघातलं ऊन लांब झालं होतं. संत्र्यांच्या पेट्या रचून ठेवल्या होत्या, त्यांच्या फटींतून हिरवा वास येत होता. यशवंतराव तिकिटं काढायला गेले होते. गाडी तिगावहून सुटली, असं हमालानं सांगितलं, आणि स्मितानं दोन्ही पिशव्या उचलल्या; दोन्ही हात अडकले म्हणून बापू पुंडलिकरावांकडं आला. त्यानं आजोबांचं बोट धरलं, तेच बोट, आणि रुळांच्या लांबीकडं टकाटका पाहू लागला. पुंडलिकराव त्याच्याशी बोलत होते. काय बोलत होते ते पुढं त्यांनाही आठवलं नाही. ओठ हललेले त्याला दिसावेत म्हणून तोंड त्याच्या तोंडासमोर धरून, सावकाश, काल काय भाजी होती तेच कदाचित सांगत होते. घड्याळ बाहीखाली होतं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा पाचाला किती कमी आहेत हे त्यांना ठाऊक नव्हतं.

आणि गावावरून तो उठला. पालिकेच्या माडीवरून, कौलांवरून, जिनिंगच्या धुरांड्यावरून फलाटापर्यंत. लोकांनी मनगटं वर केली, हमालानं आळस दिला. पुंडलिकराव दचकले. नखशिखांत दचकले, पाठीला मागून कोणी धक्का दिल्यासारखे, आणि तो झटका खांद्यातून दंडात, दंडातून मनगटात, मनगटातून बोटात उतरला. बोटाभोवतीची मूठ एकदम उघडली. बापूचे दोन्ही हात हवेत फेकले गेले, बोटं ताठ पसरली, भुवया वर गेल्या, आणि एक क्षण आजोबांच्या तोंडाकडं पाहून तो मोठ्यानं रडू लागला.

स्मिता पाहत होती. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या.